पावणेदोन ग्रॅम

कार्ट्रिज आलं ते फिल्मच्या काळ्या डबीत,
दुधाचा दात जपावा तसं कापसात गुंडाळून.
टिपणीस म्हणाले, जपानी आहे, एकोणऐंशीचं.
ऑगस्टिन म्हणाला, सुकट आहे.

उथळसरला आमच्या तिसऱ्या मजल्यावर
रविवारी दुपारी दोघे येतात,
आणि मी हातातलं ठेवून सोल्डरिंगची कांडी तापवते.
वाद घालायला दोघांनाही येतो,
केसाएवढ्या चार तारांना क्लिपा लावायला मलाच.
एकतीस वर्षं वागळे इस्टेटला प्रेशर गेज तपासले.
काटा खोटं बोलायला लागला
की थरथरण्याआधीच मला कळायचा.

पांढरी, निळी, तांबडी, हिरवी.
जांभळी नाक्याच्या सोनाराचा जुना तराजू,
त्याने आयुष्यभर ज्यावर गुंजा तोलल्या,
त्यावर मी सुईचा भार बघते.
पावणेदोन ग्रॅम.
एवढ्यावर सतारीने उभं राहायचं.

सतारच होती. कुठल्याशा क्लबातून निकालात निघालेली,
लेबल फाटलेलं,
म्हणून वाजवणाऱ्याला नाव नाही.
सुई टेकली. आधी फोडणीसारखं तडतडलं, मग ती.

टिपणिसांनी डोळे मिटले.
"ही ऊब बघ. डावीकडून कशी उमलते बघ.
तुझ्या फोनात आहे का?"
"ऊब कसली, झीज आहे," ऑगस्टिन म्हणाला.
"चाळीस वर्षं पाय घासलेल्या पायरीला
तुम्ही मऊ म्हणता. फोनातलं कसं, पुसलेली काच."
"काचेतून दिसतं रे. वाजत नाही."
"आणि धुळीतून वाजतं?"

डावा स्पीकर मघापासून गप्प होता.
मी सुई उचलली, तारा सोडवल्या, मीटर लावला.
उजवीकडे पाचशे चाळीस ओहम.
डावीकडे नुसता एक,
पडद्याच्या कडेला एकटा उभा.
आमच्या भाषेत त्याला अनंत म्हणतात.
म्हणजे आत कुठेतरी तार तुटली आहे.

टिपणीस नेहमी डाव्या भिंतीला खेटून बसतात.
त्यांनी मला कधी काही सांगितलं नाही,
पण त्या बाजूने हाक मारली
तर ते वळत नाहीत. पाच वर्षं झाली असतील.

मी पडद्यावर तळहात ठेवला.
ऑगस्टिनने पाहिलं.
त्याचं बिस्किट चहात तुटून पडलं,
त्याने ते काढलं नाही.

आणि लाईट गेली.
पंखा फिरत फिरत थकला, खाली गॅरेजचा कॉम्प्रेसर मिटला.
का कोण जाणे, मी सुई परत ठेवली
आणि तबकडी बोटाने फिरवू लागले,
मिनिटाला तेहतीस आणि थोडं वर, अंदाजानेच.

सुईच वाजायला लागली.
ना तारा, ना स्पीकर.
डासाच्या पंखावर बसून
कोणी सतार लावत असावं इतकी बारीक.
बोट अडखळलं की गत घसरायची,
घाई झाली की चिरकायची,
पण होती.

तिघांची डोकी एका तबकडीवर.
टिपणिसांनी उजवा कान इतका खाली आणला
की त्यांच्या श्वासाने खाचेतली धूळ हलली.
ऑगस्टिन कुजबुजला, "आता ह्यात ऊब कुठे?"
"गप रे. ऐकू दे."

माझं बोट दुखलं तरी मी फिरवत राहिले.

लाईट आली, पंख्याने सगळं पुसून टाकलं.
जिना उतरतानाही दोघे भांडत होते.
पहिल्या मजल्यावरून "झीज!" असं ऐकू आलं,
आणि त्यावर टिपणिसांचं काहीतरी लांबलचक.

कंपनीत नापास मालाला मी तांबडी चिठ्ठी बांधायचे.
एकदाही हात थांबला नाही.
डबीवर चिकटपट्टी लावली, पेन घेतलं.
उजवी: ५४०, असं लिहिलं.
खाली डावी, मग दोन टिंबं,
आणि पेनाला टोपण लावलं.